नऊ मिनिटांची रजा

आमच्या क्लासात माणूस मेला तरच रजा मिळते, असं आम्ही मास्तर लोक चहाच्या टपरीवर उभं राहून म्हणायचो. चेष्टेतच म्हणायचो. आमचे बायोलॉजीचे सर मात्र बशीत चहा ओतता ओतता गंभीरपणे दुरुस्ती करायचे, ‘तसं पण न्हाई बाबा. मी एकदा मेलेलो होतो. तरी मिळाली न्हाई.’ नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा थापा मारतोय. मलाही पहिले सात-आठ महिने तसंच वाटलं.

म्हातारा म्हणालो खरा, पण तेव्हा ते पन्नाशीला टेकले असतील. बारीक अंगाचे, मेंदी लावलेली दाढी, शर्टाच्या खिशाला हिरव्या शाईचा कायमचा डाग. मूळचे कंधारचे. घरचा धंदा कल्हईचा. वडील बाजाराच्या दिवशी भट्टी लावून बसायचे. सर त्या घरातले पहिले पदवीधर. बायको-मुलं कंधारला, आणि हे लातुरात एका खोलीत एकटे राहून तीनशे-तीनशेच्या बॅचला बायोलॉजी शिकवायचे. मी फिजिक्स शिकवायचो. ते मला ‘बाबा’ म्हणायचे, मी त्यांना ‘सर’, आणि ज्या कामात आमची खरी ओळख झाली त्या कामापुरतं आम्ही दोघं एकमेकांना ‘साहेब’ म्हणायचो. ते पुढं सांगतो.

लातुरात तेव्हा क्लासचं पेव फुटलं होतं. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. पडलेली गावं नव्या जागी वसत होती, आणि शहरात मोकळी जागा दिसेल तिथं क्लास वसत होता. बारावीच्या निकालात लातूरचं नाव गाजायला लागलं तशी नांदेड-परभणीपासून पोरं ट्रंका घेऊन यायला लागली. आमच्या क्लासची जाहिरात मला अजून पाठ आहे : ‘अनुभवी प्राध्यापक, घरगुती जेवण, भूकंपरोधक हॉल.’ यातला अनुभवी प्राध्यापक म्हणजे मी, वय वर्षं चोवीस. घरगुती जेवण म्हणजे मागच्या शेडातली मेस. आणि भूकंपरोधक हॉल म्हणजे वर पत्रे. डोक्यात पडले तर माणूस मरणार नाही, एवढीच त्यांची हमी. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की बाकं थरथरायची, तीनशे पोरं एकदम दाराकडं बघायची, आणि ट्रकच आहे हे कळलं की पुन्हा मान खाली घालून लिहायला लागायची.

डायरेक्टर साहेबांचे नियम दोनच. हॉल रिकामा राहता कामा नये, आणि आवाज बंद पडता कामा नये. ते दिवसभर व्हरांड्यातून फेऱ्या मारायचे. आत डोकावायचे नाहीत, नुसतं ऐकायचे. मास्तरचा आवाज येतोय म्हणजे शिकवणं चालू आहे, शिकवणं चालू आहे म्हणजे निकाल लागणार, असं त्यांचं सरळ गणित होतं. जून ते एप्रिल हंगाम, आणि मेमध्ये सुट्टीतली बॅच. कुणी रजा मागितली तर ते कधी नाही म्हणाले नाहीत. फार प्रेमानं म्हणायचे, ‘घ्या की सर. तुमच्या जागी एक जण येऊन बसलाच आहे ऑफिसात.’ आणि खरंच बाहेरच्या बाकावर एखादा एमएस्सी झालेला पोरगा फाईल मांडीवर घेऊन बसलेला असायचा.

मला तर हे परवडणारंच नव्हतं. आमचं गाव रेणापूरकडचं. माझी धाकटी बहीण त्या वर्षी बारावीला होती, माझ्याच खोलीवर राहायची आणि माझ्याच क्लासात शिकायची, मास्तरची बहीण म्हणून बिनफीची. मी गेलो की तिचं बाकही जाणार, हे मला नोकरी देतानाच हसत हसत सांगून ठेवलं होतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांनी गावात ती झालीच असं सांगून टाकलं होतं. म्हणजे तिची परीक्षा होईपर्यंत मला आजारी पडायला, चिडायला किंवा पळून जायला मुभा नव्हती. रोज पाच बॅचेस. सकाळी सहाला खडू हातात घ्यायचा, तो दिवेलागणीनंतर खाली ठेवायचा. दिवाळीपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. सकाळी तोंड धुताना आरशात बघायचाही कंटाळा यायचा, कारण तोच मास्तर पुन्हा बघावा लागायचा.

अशात एकदा दुपारी सरांनी माझ्या हातात एक कागद दिला. जुन्या प्रश्नपत्रिकेची पाठकोरी बाजू, त्यावर सुंदर, गोल, हिरव्या अक्षरात अर्ज. ‘महोदय, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मला आज दुपारी बारा वाजून सहा मिनिटे ते बारा पंधरा अशी नऊ मिनिटांची रजा मिळावी. कारण : सकाळपासून सहाशे डोळे बघितल्यामुळे.’ खाली सही.

‘हे मला कशाला देता?’ मी विचारलं.

‘मंजूर कर.’

‘मी कोण मंजूर करणारा?’

‘कुणी तरी पाहिजे ना. स्वतःची रजा स्वतः मंजूर करता येत न्हाई, नियम हाय. पहिले केमिस्ट्रीवाले करायचे, ते गेले औरंगाबादला. आता तू माझा साहेब. मी तुझा.’

मी हसत सही केली. सरांनी ती फुंकर मारून वाळवली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि प्रॅक्टिकलच्या सामानाच्या खोलीत गेले. तिथं सांगाड्याच्या शेजारी एक स्टूल होतं. त्यावर बसले, चपला काढल्या, डोळे मिटले. चपला काढल्या की रजा सुरू. नऊ मिनिटांनी चपला घातल्या, मोठ्यानं ‘रुजू’ म्हणाले आणि पुढच्या बॅचवर गेले.

नऊच का, तर दोन बॅचच्या मध्ये पंधरा मिनिटं असायची. पाणी, लघवी आणि चहा यात सहा जातात, हे त्यांनी घड्याळ लावून बघितलेलं होतं. उरली नऊ. ‘डायरेक्टरच्या बापाला पण ही नऊ मिनिटं घेता येत न्हाईत,’ ते म्हणायचे. ‘पण आपणच फुकट घालवतो. एकमेकांना रडगाणं सांगून.’ हे शेवटचं मला उद्देशून होतं.

रजेचे प्रकारही होते. साधी रजा म्हणजे स्टूल. वैद्यकीय रजा म्हणजे स्टूल आणि कपाळाला ओला रुमाल. आणि ‘मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह’ अशी रजा असली की सर मागच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडायचे आणि पलीकडच्या लिंबाखाली उभे राहून क्लासकडं पाठ करायचे. सर पूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळं त्यांची सगळी भाषा तिथली. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत ते नमाजला जायचे. मी एकदा विचारलं, आजची रजा त्यातच धरायची का? त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. ‘ती रजा न्हाई बाबा, ती हजेरी हाय,’ म्हणाले.

रजेवर असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम ते फार कडकपणे पाळायचे. एकदा डायरेक्टर साहेब चाचणीचा पेपर घेऊन थेट सामानाच्या खोलीत शिरले. मी दारातच होतो. सर स्टुलावर, डोळे मिटलेले.

‘सर, हा तिसरा प्रश्न जरा,’ डायरेक्टर म्हणाले.

‘ते रजेवर आहेत,’ सर डोळे न उघडता म्हणाले.

‘कोण?’

‘बायोलॉजीवाले.’

डायरेक्टर साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगाड्याकडं बघितलं. ‘कधी येतील?’ त्यांनी शेवटी विचारलं.

‘चार मिनिटांत.’

आणि तो माणूस चार मिनिटं थांबला. ज्यानं मास्तरांना बापाच्या तेराव्यालाही पाठवलं नव्हतं, तो पेपर हातात धरून सांगाड्याशेजारी उभा राहिला. कारण साधं होतं. बायोलॉजीचा सिलॅबस अजून अर्धा राहिला होता आणि असा शिकवणारा दुसरा माणूस तेव्हा सगळ्या लातुरात नव्हता. चार मिनिटांनी सरांनी चपला घातल्या आणि अदबीनं म्हणाले, ‘रुजू. बोला साहेब.’

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. म्हणून एकदा मीही पोरखेळच केला. त्यांच्या अर्जात कारण होतं, ‘बायकोची आठवण.’ मी लाल पेनानं शेरा मारला : ‘कारण समाधानकारक नाही. नामंजूर.’ मला वाटलं, हसतील. सरांनी शेरा दोनदा वाचला, कागद खिशात ठेवला, आणि बाहेर जाऊन त्या नऊ मिनिटांत व्हरांड्यातल्या पोरांच्या शंका सोडवत उभे राहिले. मी मागं मागं गेलो. ‘सर, गंमत केली मी. जा की आत.’

‘साहेब न्हाई म्हणाला म्हणजे न्हाई,’ ते म्हणाले. ‘आपल्याच मनानं जायचं असंल तर सहीला काय अर्थ राहिला?’ तोंडावर रागाचं नाव नव्हतं, आणि त्यामुळंच मला दिवसभर जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतःचा पहिला अर्ज लिहिला. कारण, ‘फार थकलो आहे.’ सरांनी तो वाचून परत दिला. खाली हिरवा शेरा : ‘अर्जदार थकलेला नसून नाराज आहे. नाराजीला रजा नाही. कारण शोधून पुन्हा अर्ज करावा.’ मी चिडलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की माणूस खरं बोलला. मी दिवसभर डायरेक्टरला मनातल्या मनात शिव्या द्यायचो आणि त्यालाच थकवा म्हणायचो. मग मी रोज कारण शोधायला लागलो. नेमकं काय झालंय हे लिहिल्याशिवाय सही मिळायची नाही. ‘घसा.’ ‘तेच उदाहरण चौथ्यांदा.’ ‘पुढच्या बाकावरच्या पोराच्या बापानं हात जोडले म्हणून.’ एकदा मी नुसतं लिहिलं, ‘भीती वाटते.’ त्या दिवशी सरांनी नऊचे अकरा केले, स्वतःच्या रजेतली दोन मिनिटं मला देऊन.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. सर पोरांची नावं घ्यायचे नाहीत. एवढा जीव तोडून शिकवणारा माणूस, पण त्यांना तीनशेतल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. सगळा रोल नंबरचा कारभार. ‘एकशे बारा, ऊठ.’ ‘सत्तावन्न, पेशी काढ फळ्यावर.’ माझी बहीण दोनशे चार होती. ती त्यांच्या खोलीवर डबा घेऊन गेली तरी, ‘ये दोनशे चार, बस.’ बहीण मला म्हणायची, ‘दादा, सर लई चांगले हायत, पण आपण कैदी असल्यासारखं वाटतं.’ मी तिला सांगायचो, असेल त्यांची सवय.

जानेवारीत माझं पार बिनसलं. एका संध्याकाळी जेवताना बहीण ताटात बघत म्हणाली, ‘दादा, आज तू कालचंच शिकवलंस.’

‘म्हणजे?’

‘कालचाच टॉपिक. तीच गणितं. मधला तो जोक पण तोच.’

माझा घास हातातच राहिला. ‘मग कुणी सांगायचं नाही का?’

‘सगळे लिहीत होते.’

‘तू?’

‘मी पण लिहिलं,’ ती म्हणाली, आणि वही आणून दाखवली. एकाखाली एक, दोन तारखांना, तोच धडा अक्षरशः तसाच. समासात दोन्ही दिवशी ‘महत्त्वाचे’ असं लिहून चौकट केलेली. तीनशे पोरांनी तो दोनदा लिहून घेतला होता, आणि माझ्या विनोदावर दोनदा हसलीही होती. व्हरांड्यातून डायरेक्टर साहेबांनी दोन्ही दिवस समाधानानं ऐकलं होतं. आवाज चालू होता ना.

मी सकाळी सरांना हे सांगितलं. हसावं म्हणूनच सांगितलं, कारण दुसरं काय करणार? सर हसले नाहीत. टपरीमागच्या दगडावर बसले, मला बसायला लावलं, आणि पहिल्यांदाच ती मेल्याची गोष्ट नीट सांगितली.

‘भूकंपाच्या ड्युटीवर होतो. माझं अक्षर चांगलं, म्हणून यादी लिहायला बसवलं. मयताचं नाव, बापाचं नाव, वय, गाव. खाली तीन कार्बन. लोक समोर येऊन उभे राहायचे आणि सांगायचे, मी लिहायचो. सकाळी सुरू केलं की दिवस मावळेपर्यंत. रजा कुणाला मागायची? समोर जो उभा हाय त्याचं घर गेलं, आणि तू म्हणणार, माझा हात दुखतो? लिहीत राहिलो. किती दिवस, ते आता सांगता येणार न्हाई. एक दिवस तिथले साहेब यादी वाचायला लागले आणि मधीच थांबले. म्हणाले, मास्तर, हे काय हाय? बघितलं तर यादीत मी. माझं नाव, बापाचं नाव बरोबर, वय बरोबर, गाव कंधार. अक्षर माझंच. कंधारला कुठं काय पडलं होतं? पण मी लिहिलं होतं. खाली तिन्ही कार्बनवर पण उमटलं होतं.’

‘मग?’

‘मग काय. तोवर त्या यादीची एक प्रत सही होऊन पुढं गेली होती. साहेब म्हणाले, नाव कमी करायला वरून पत्र यावं लागंल. तोवर तुम्ही काम थांबवू नका.’ सर बोटाला लागलेली हिरवी शाई चोळत म्हणाले, ‘म्हणजे कागदावर मी मयत, आणि खुर्चीवर हजर.’

मला हसू आलं. आवरता आवरेना. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि मग तेही हसायला लागले, डोळ्यातून पाणी येईपर्यंत.

‘तिथं एक ग्रामसेवक होता,’ ते डोळे पुसत म्हणाले. ‘पोरगाच. त्यानं मला कोरा कागद दिला. म्हणाला, मास्तर, रजेचा अर्ज लिहा, मी मंजूर करतो. त्याला कसला अधिकार? पण मी लिहिला. त्यानं सही केली. मी शेडच्या मागं जाऊन बसलो, आणि मला रडायला आलं बाबा. तोवर आलंच नव्हतं.’

शाळेत परत गेल्यावर हजेरी घेताना त्यांचा हात चालेना. नाव, बापाचं नाव, वय. महिनाभरात त्यांनी राजीनामा दिला. इथं क्लासात हजेरी नव्हती, फक्त रोल नंबर होते, म्हणून इथं आले. मला माझीच लाज वाटली. मी त्यांना तऱ्हेवाईक म्हणत होतो, आणि हा माणूस नुसता जिवंत राहायची व्यवस्था करत होता.

फेब्रुवारी उजाडला. परीक्षा तोंडावर. एका सकाळी सहाच्या बॅचला मी हॉलच्या दारापाशी आलो, हातात खडू, आत तीनशे पोरं बसलेली, आणि पाय आत जाईना. मनात काही नव्हतं. ना राग, ना भीती. नुसतं जाता येत नव्हतं. मी वळलो आणि सायकल स्टँडच्या पायरीवर जाऊन बसलो. मला स्पष्ट कळत होतं की पाच मिनिटांत डायरेक्टर साहेब व्हरांड्यात येणार, आवाज ऐकू येणार नाही, बाहेरच्या बाकावरचा पोरगा आत जाणार आणि माझ्या बहिणीचं बाक परीक्षेच्या महिनाभर आधी जाणार. कळत असून मी उठू शकलो नाही.

सर सायकल लावायला आले. त्यांचा तास आठला होता, पण ते नेहमी लवकर यायचे. त्यांनी मला बघितलं, हॉलकडं बघितलं.

‘अर्ज कर,’ ते म्हणाले.

मी हातातला खडू दाखवला. कागद नव्हता.

‘तोंडी चालंल. कारण सांग.’

‘कारण नाही,’ मी कसंबसं म्हणालो.

‘मंजूर,’ सर म्हणाले. ‘एक तास. मुख्यालय सोडून जा. गंजगोलाईत जा, चहा पी, सातच्या आत यायचं न्हाई.’ माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि आत गेले.

मी खरंच गंजगोलाईच्या बाजारात गेलो. दुकानं उघडत होती. एक बाई फुटपाथवर मेथीच्या जुड्या मांडत होती, एकीवर एक, पाणी मारून. मी चहा पीत तिच्याकडं बघत उभा राहिलो. कुणी मला काही विचारत नव्हतं, कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं. दुसरा चहा घेताना माझ्या लक्षात आलं की मला भूक लागली आहे. कित्येक आठवड्यांत लागली नव्हती.

इकडं हॉलमध्ये काय झालं ते बहिणीनं सांगितलं. सर स्टेजवर गेले आणि म्हणाले, ‘वह्या मिटा. तुमची सगळ्यांची एक तासाची रजा मंजूर झालेली हाय.’ पोरांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. काहींनी खाली रेघ मारली. सरांना खाली उतरून एकेकाच्या हातातलं पेन काढून ठेवावं लागलं. मग त्यांनी सगळ्यांना बाकावर डोकं टेकायला लावलं, आणि पाच मिनिटांत ती सगळी पोरं झोपली. एकही घोरलं नाही, बहीण म्हणाली, पण एक मुलगी झोपेत सूत्रं म्हणत होती. डायरेक्टर साहेब व्हरांड्यात आले तेव्हा हॉलमधून आवाज येत नव्हता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दार उघडून आत बघितलं. सरांनी ओठावर बोट ठेवलं.

सव्वासातला आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

‘सहाचा तास कुणाचा होता?’ डायरेक्टरांनी विचारलं.

‘फिजिक्सचा,’ सर म्हणाले. ‘पण मी मागून घेतला. जादा बायोलॉजी घ्यायची म्हणून. हे पोरगं न्हाईच म्हणत होतं, मी ऐकलं न्हाई.’

डायरेक्टर माझ्याकडं वळले. ‘खरं आहे का, सर?’

मी सरांकडं बघितलं नाही. टेबलावरच्या काचेखाली गेल्या वर्षीच्या निकालातल्या पोरांचे फोटो होते, त्यांच्याकडं बघत मी म्हणालो, ‘हो.’

बस्स, एवढंच. खरं सांगायला दोन वाक्यं लागली असती. बायोलॉजीचा सिलॅबस आदल्या आठवड्यातच संपला होता, म्हणून डायरेक्टर साहेबांची हिंमत झाली. दुपारपर्यंत सरांना नारळ मिळाला. मी हॉल दोनमध्ये शिकवत होतो, आणि हॉल रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून मी बाहेर आलो नाही. आलो तेव्हा सरांची नांदेडची बस लागून गेली होती.

बहिणीला मेडिकलला सीट मिळाली. आज ती मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आहे. गेल्या दिवाळीला चार तासांसाठी घरी आली आणि त्यातले तीन तास झोपली. मीही पुढं नांदेडला स्वतःचा क्लास काढला. आता मी डायरेक्टर आहे. माझ्याकडं हंगामात रजा नाही, अशी पाटी मी लावलेली नाही. लावायची गरज पडत नाही.

इतक्या वर्षांत मी सरांना एकदाही भेटलो नव्हतो. कंधार नांदेडपासून तासाभरावर, तरी नाही. मागच्या वर्षी तिथल्या एका कॉलेजात आमच्या क्लासचं मार्गदर्शन शिबिर होतं. ते आटोपल्यावर ड्रायव्हरला म्हणालो, जरा थांब, आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेलो. सर ओट्यावर बसले होते. दाढी आता पूर्ण पांढरी, मेंदी सोडून दिलेली. मला लगेच ओळखलं. बायकोला हाक मारून म्हणाले, ‘अगं, साहेब आले, चाय ठेव.’

इकडचं तिकडचं बोललो. मग मला राहवेना. ‘सर, त्या दिवशी मी हो म्हणालो.’

‘हाव. म्हणालास.’

‘मी खरं सांगायला पाहिजे होतं.’

‘कशाला?’ ते खरोखर नवल वाटून म्हणाले. ‘तू हो म्हणशील हे मला माहीत होतं ना. म्हणून तर मी आत गेलो. तू खरं बोलणारा असतास तर मी गेलोच नसतो. दोघं पण घरी बसलो असतो. मग पोरीचं काय झालं असतं?’ आणि चहाची बशी माझ्यापुढं सरकवून त्यांनी विचारलं, ‘पोरगी बरी हाय ना?’

बरी आहे, म्हणालो. मग अर्धा तास बसलो, निघालो.

गाडीत बसलो तेव्हा मला फार हलकं वाटलं. एवढी वर्षं जी गोष्ट गळ्यात घेऊन फिरत होतो, तिच्याबद्दल त्या माणसाच्या मनात काहीच नव्हतं. तो मला दोष देत नव्हता. लोहा येईपर्यंत मी खुशीत होतो, ड्रायव्हरशी गप्पासुद्धा मारल्या. लोह्याच्या पुढं मात्र मला एकाएकी त्यांचा राग आला, आणि मग रडायलाच आलं. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि काही विचारलं नाही. रोज माझी कारणं वाचणारा, माझी नाराजी आणि माझी भीती वेगळी करून दाखवणारा माणूस. मला इतकं ओळखून होता. तरी दारातून आत जाताना एक क्षण, चुकून का होईना, त्याच्या मनात यायला पाहिजे होतं की हे पोरगं ऐनवेळी खरं बोलेल आणि सगळा घोटाळा होईल. तेवढी शंकासुद्धा त्यांना आली नव्हती.